२६ जानेवारीच्या संदेशापूर्वी: ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांविषयी मराठीत लिहिताना आणि पाठवताना

या लेखात दिवंगत ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर व्यक्तींची नावे आली आहेत.

२६ जानेवारीला ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरांत फोनवर दोन तऱ्हेचे संदेश येतात. एकात तिरंगा असतो, दुसऱ्यात ऑस्ट्रेलिया दिनानिमित्त तिथला ध्वज असतो आणि कोणीतरी उत्साही माणूस दोन्ही ध्वज एकाच चित्रात बसवून 'दोन्ही देशांचा आनंदाचा दिवस' असे लिहून मोकळा होतो. याच तारखेला १७८८ साली आर्थर फिलिप याने सिडनी कोव्ह येथे ब्रिटिश निशाण उभारले. बरोबर दीडशे वर्षांनी, १९३८ साली, ॲबोरिजिनल नेत्यांनी सिडनीत सभा घेऊन हा दिवस शोकदिन म्हणून पाळला, आणि १९७२ साली याच दिवशी कॅनबेरात संसद भवनासमोरच्या हिरवळीवर समुद्रकिनाऱ्यावरची एक छत्री रोवून 'तंबू दूतावास' हे जमिनीच्या हक्कांसाठीचे आंदोलन सुरू झाले. संदेश पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. त्याला हे कोणी मराठीत सांगितलेलेच नसते.

ते सांगू पाहणाऱ्यांसाठी, म्हणजे परदेशी मराठी शाळेत मुलांना शिकवणारे, मंडळाच्या अंकासाठी लिहिणारे, छोटे व्हिडिओ किंवा चित्रपट्ट्या तयार करून समूहांमध्ये पाठवणारे यांच्यासाठी हे टिपण आहे. यात ज्या चुका टाळायला सांगितल्या आहेत, त्या बहुतेक माझ्या स्वतःच्या करून झालेल्या आहेत.

पहिली अडचण शब्दाचीच येते. मराठीत 'वसाहत' म्हटले की पोलीस वसाहत किंवा औद्योगिक वसाहत डोळ्यांपुढे येते आणि 'वसाहतवाद' म्हटले की ईस्ट इंडिया कंपनी. भारतात ब्रिटिशांना महसूल हवा होता आणि शेतसारा भरण्यासाठी शेतकरी जागेवर असणे त्यांच्या सोयीचे होते. १९४७ साली ते गेले. ऑस्ट्रेलियात त्यांना मेंढ्या चारण्यासाठी जमीन हवी होती आणि त्या जमिनीवरचा माणूस मात्र नको होता. तिथे आलेले लोक परत गेलेच नाहीत. त्यांचे कायदे, त्यांची कुंपणे आणि त्यांनी ठेवलेली गावांची नावे आजही चालू आहेत. पॅट्रिक वुल्फ या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने म्हणूनच आक्रमणाला घडून गेलेली घटना न मानता अजून उभी असलेली रचना मानले. मी यासाठी 'स्थायिक वसाहतवाद' हा शब्द वापरतो, पण तो कधीही एकटा सोडत नाही. तो पहिल्यांदा आला की लगेच 'बाहेरून आलेल्यांनी परत न जाता जमीन ताब्यात घेणे, मूळ समाजाला बाजूला सारणे आणि त्या जमिनीवर स्वतःचा देश उभा करणे' एवढे वाक्य जोडावे. वर्गात समजावताना २००७ चे एक मतदान फार उपयोगी पडते: मूळ रहिवाशांच्या हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांत १४४ मतांनी संमत झाला, भारतानेही बाजूने मत दिले आणि विरोधात फक्त चार देश उभे राहिले, ते म्हणजे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा आणि अमेरिका. या चौघांनी पुढे भूमिका बदलली, परंतु त्या दिवशीची यादी पाहिली की स्थायिक वसाहतवादाची वेगळी व्याख्या करावी लागत नाही.

'आदिवासी' हा शब्द मराठी वाचकाला वारली, भिल्ल, गोंड, कातकरी यांच्याकडे नेतो आणि 'मूलनिवासी' या शब्दाला महाराष्ट्रात स्वतःचा राजकीय इतिहास आहे; ऑस्ट्रेलियाविषयी लिहिताना यांतला कोणताही शब्द वापरला तरी वाचक नकळत दुसऱ्याच वादात शिरतो. मी 'मूळ रहिवासी' असे लिहितो आणि शक्य तिथे तेही टाळून समाजाचे नाव लिहितो, कारण मेलबर्नच्या वुरुंजेरी लोकांची भाषा, चालीरीती आणि जमीन वेगळी, मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या खडकाच्या परिसरातल्या अणंगू लोकांची वेगळी, आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे लोक तर स्वतःला ॲबोरिजिनल म्हणवतही नाहीत. १७८८ साली या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. 'टोळी' हा शब्द मराठीत दरोडेखोरांच्या आणि टोळधाडीच्या सोबतीचा आहे, तो सरळ गाळावा. इंग्रजी संबोधनाचे 'ॲबो' हे लघुरूप शिवीसारखे वापरले गेलेले आहे. मथळ्यात जागा कमी आहे म्हणूनसुद्धा ते लिहू नये.

समाजांची नावे देवनागरीत लिहिताना आपल्याला एक अनपेक्षित सोय मिळते. अणंगू या नावातला 'ण' दाखवण्यासाठी रोमन लिपीत अक्षराखाली रेघ ओढावी लागते आणि ती रेघ छापताना बहुधा गळून पडते; आपल्याकडे तो आवाज वर्णमालेतच आहे. मात्र देवनागरीतले नाव शोधयंत्रात टाकून वाचकाला फारसे काही सापडत नाही, म्हणून त्या समाजाच्या अधिकृत संकेतस्थळावर असलेले रोमन स्पेलिंग लेखाच्या शेवटी एकदा द्यावे.

शब्द निवडून झाले की वाक्यातला कर्ता तपासावा. शाळेच्या पुस्तकांतून आपल्या अंगवळणी पडलेले एक वाक्य घ्या: '१८३५ साली जॉन बॅटमन याने मेलबर्नची स्थापना केली.' यात खोटे काही नाही असे वाटते, पण त्यात जमीन रिकामी आहे. तेच वाक्य मी आता असे लिहितो: '१८३५ साली व्हॅन डीमन्स लँडहून, म्हणजे आजच्या टास्मानियाहून, आलेल्या जॉन बॅटमन याने वुरुंजेरी ज्येष्ठांकडून करार करून जमीन घेतल्याचा दावा केला, आणि त्याच वर्षी गव्हर्नर रिचर्ड बर्क यांनी जाहीरनामा काढून असे करार रद्द ठरवले, कारण सरकारच्या लेखी ती जमीन ब्रिटिश राजसत्तेची होती.' वाक्य लांबले खरे, पण जमीन कोणाची होती, मागितली कोणी आणि नाकारली कोणी, हे तिन्ही त्यात आले. 'शोध लावला', 'वसवले', 'विकास झाला', 'लोकसंख्या घटत गेली' या क्रियापदांपाशी थांबून, हे कोणी आणि कोणाचे केले, असे विचारण्याची सवय लावून घ्यावी. १० जून १८३८ रोजी न्यू साउथ वेल्समधल्या मायल क्रीक येथे किमान २८ विरायराय स्त्री-पुरुष आणि मुले मारली गेली. हे वाक्य 'संघर्षात मृत्युमुखी पडली' असे लिहिले की ते खोटे होते, कारण ती माणसे निःशस्त्र होती आणि त्या हत्येसाठी सात जणांना पुढे फाशी झाली.

काळही तपासावा. १८७६ साली वारलेल्या ट्रुगानिनी यांना 'शेवटच्या टास्मानियन' म्हणणारे मजकूर मराठीत अजूनही फिरतात, आणि ते वाचून टास्मानियातला मूळ समाज संपला असा समज होतो. तो समाज आज आहे, तो स्वतःला पलावा म्हणवतो. टेरा न्युलियस, म्हणजे कोणाचीही नसलेली भूमी, ही कल्पना उच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी माबो खटल्यात फेटाळली. हा खटला लढणारे एडी कोइकी माबो यांचे निधन त्याच वर्षीच्या जानेवारीत झाले होते, त्यामुळे त्यांना निकाल पाहता आला नाही. पण टॉरेस सामुद्रधुनीतल्या त्यांच्या मेर बेटावरचे लोक आणि त्या निकालाने मान्य झालेला त्यांचा जमिनीवरचा हक्क वर्तमानकाळातच लिहायचे असतात.

मी स्वतः एका वर्गासाठी केलेल्या पहिल्याच स्लाइडवर '१९६७ च्या सार्वमताने मूळ रहिवाशांना मताधिकार मिळाला' असे ठोकून दिले होते. हे इतक्या ठिकाणी लिहिलेले आहे की तपासावे असे वाटत नाही. संघराज्याच्या निवडणुकीतला मताधिकार सर्वांना १९६२ सालीच खुला झाला होता. १९६७ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी मान्य केले ते इतकेच, की मूळ रहिवाशांसाठी कायदे करण्याचा अधिकार संघसरकारला मिळावा आणि लोकसंख्या मोजताना त्यांना वगळणारे कलम काढावे. २०२३ च्या सार्वमताविषयी लिहितानाही हीच काटेकोरता ठेवावी: १४ ऑक्टोबरला मूळ रहिवाशांचा सल्लागार मंच राज्यघटनेत नोंदवण्याचा प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतांनी फेटाळला गेला, एवढे लिहावे, 'ऑस्ट्रेलियाने त्यांना नाकारले' हे तुमचे मत आहे आणि ते मत म्हणूनच द्यावे.

आता चित्रांकडे वळतो, कारण मजकुरापेक्षा चित्र लवकर पसरते आणि तिथेच सगळ्यांत जास्त घोटाळा होतो. ध्वजांचेच पाहा. काळा, लाल आणि मधोमध पिवळे वर्तुळ असलेला ॲबोरिजिनल ध्वज हॅरोल्ड थॉमस यांनी १९७१ साली तयार केला. त्याचा स्वामित्वहक्क संघसरकारने जानेवारी २०२२ मध्ये दोन कोटी डॉलरहून अधिक रकमेला घेतला, त्यामुळे तो आता कोणालाही वापरता येतो. त्याच्या शेजारी नेहमी दिसणारा हिरवा, निळा, काळा टॉरेस स्ट्रेट आयलंडर ध्वज बर्नार्ड नामोक यांनी १९९२ साली केला, आणि त्याचा हक्क तिथल्या प्रादेशिक परिषदेकडे असल्याने तो छापण्यापूर्वी परवानगी मागावी लागते. दोन ध्वज नेहमी एकत्र फडकतात म्हणून त्यांचे नियमही एकच असतील असे धरून चालू नये.

ठिपक्यांच्या नक्षीची चौकट हा तर मराठी पोस्टरांचा आवडता दागिना आहे. ती शैली कॅनव्हासवर आणि फळ्यांवर प्रथम आली ती १९७१ च्या सुमारास, मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या येथे. मेलबर्नच्या परिसरातल्या लोकांची परंपरा समांतर रेघांची, चौकटींची आणि पॉसम या प्राण्याच्या कातडी झग्यांची आहे. वुरुंजेरींविषयीच्या मजकुराला ठिपके लावणे म्हणजे कोकणातल्या दशावतारावरच्या लेखाला पैठणीचा काठ लावण्यासारखे आहे. शिवाय यांतली अनेक चित्रे विशिष्ट कुळांच्या कथांची असतात आणि ती काढण्याचा अधिकार त्या कुळाने दिलेल्या माणसालाच असतो. १९९० च्या दशकात व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर अशी चित्रे परवानगीवाचून उतरवली गेली. ज्या पवित्र आकृती ठरावीक लोकांनीच पाहायच्या त्या पायांखाली आल्या, आणि १९९४ साली फेडरल न्यायालयाने कलाकारांच्या बाजूने निकाल दिला. वारली चित्रे चादरींवर आणि चहाच्या कपांवर छापलेली पाहिलेल्या वाचकाला हे चटकन कळते. ती तुलना खरी आहे, तिथे ती करावी. आणि यंत्राकडून 'ॲबोरिजिनल शैलीत' चित्र काढून घेणे पूर्णपणे टाळावे.

दिवंगत व्यक्तीचे नाव घेणे, चित्र दाखवणे किंवा आवाज ऐकवणे अनेक समाजांत शोककाळात वर्ज्य असते; काही ठिकाणी हा काळ वर्षानुवर्षे चालतो आणि तो केव्हा संपला हे कुटुंब ठरवते. म्हणून या लेखाच्या माथ्यावर आहे तशी ओळ आधी लिहावी. ऑनलाइन मात्र 'आधी' या शब्दाचा अर्थ नीट लावावा लागतो: लिंक पाठवली की समूहात तिचे थंबनेल सूचनेच्या आधीच उघडते, म्हणून थंबनेलवर चेहरा नको, नदी किंवा झाड चालेल. व्हिडिओत सूचना पहिल्या पाच सेकंदांत लिहून आणि बोलून द्यावी. जुन्या छायाचित्रांबाबत तर स्वामित्वहक्काची मुदत संपली आहे एवढे कारण पुरेसे नाही. ट्रुगानिनी यांचा सांगाडा त्यांच्या इच्छेविरुद्ध होबार्टच्या संग्रहालयात १९४७ पर्यंत मांडलेला होता आणि त्यांच्या अस्थी १९७६ साली विसर्जित झाल्या. अशा व्यक्तीचे चित्र केवळ 'फुकट उपलब्ध' म्हणून चिकटवताना हात थांबायला हवा.

नकाशांचे थोडक्यात सांगतो. कॅनबेरातल्या एआयएटीएसआयएस या, मूळ रहिवाशांविषयी अभ्यास करणाऱ्या, संस्थेचा भाषा आणि समाजांचा नकाशा सर्वांत परिचित आहे. त्यातल्या सीमा अंदाजे आहेत आणि त्या जमिनीच्या दाव्यांसाठी वापरता येणार नाहीत, असे संस्था स्वतःच सांगते. त्याचा स्क्रीनशॉट काढला की ही तळटीप कापली जाते, म्हणून लिंक द्यावी. न्यूकॅसल विद्यापीठाने केलेल्या हत्याकांडांच्या नकाशातही तेच करावे, आणि अशा जागेचा नेमका ठिकाणबिंदू स्वतःहून टाकू नये.

कोणाचा आवाज पुढे करावा, याचे उत्तर सोपे आहे: त्यांचा. एनआयटीव्ही ही वाहिनी आणि १९९१ पासून निघणारे 'कूरी मेल' हे मूळ रहिवाशांच्या मालकीचे वृत्तपत्र यांच्या बातम्यांची लिंक द्यावी आणि वर मराठीत चार ओळींचा स्वतःच्या शब्दांतला सार लिहावा. संपूर्ण लेखाचे भाषांतर करायचे असेल तर लेखकाची लेखी परवानगी घ्यावी. दोन ओळींची विनंती पुरते, आणि 'नाही' असे उत्तर आले तर विषय तिथे संपतो. 'आम्हीही ब्रिटिशांचे गुलाम होतो, म्हणून आम्हाला तुमचे दुःख कळते' हे वाक्य मी अनेक भाषणांत ऐकले आहे. ते बोलणारे आपण १९७३ नंतर, गोऱ्यांखेरीज इतरांना येऊ न देणारे श्वेत ऑस्ट्रेलिया धोरण संपल्यावर, त्याच जमिनीवर घर घेऊन राहायला आलेलो आहोत, हे त्यात राहून जाते.

मजकुराच्या आरंभी भूमीच्या मूळ मालकांचा उल्लेख करायचा असेल तर एक भेद पाळावा. 'स्वागत' फक्त त्या भूमीचे ज्येष्ठ करू शकतात. आपण पाहुण्यांनी करायचा तो कृतज्ञ उल्लेख. 'हा व्हिडिओ वुरुंजेरी लोकांच्या भूमीवर तयार झाला. ही भूमी त्यांनी कधीही सोडून दिलेली नाही' एवढे पुरे होते, परंतु नाव तपासून घ्यावे: मेलबर्न शहरातूनच वुरुंजेरी आणि बुनुराँग यांच्यामधली सीमा जाते, आणि ती १ जुलै २०२१ पासून अधिकृतपणे ठरलेली आहे.

फॉरवर्ड होताना कॅप्शन गळते, म्हणून समाजाचे नाव, कलाकाराचे नाव, परवानगीची नोंद आणि तारीख चित्राच्या आतच, खालच्या कडेला, वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहावी. आपण कोणत्या समूहांत काय पाठवले याची एक साधी वही ठेवावी. संबंधित समाजातल्या कोणी 'हे काढा' म्हटले तर कारण न विचारता काढावे, आणि दुरुस्ती आपल्या भिंतीवर टाकून न थांबता, वहीत पाहून, मूळ संदेश जिथे जिथे गेला त्या प्रत्येक समूहात पाठवावी. १९६७ च्या त्या स्लाइडसाठी मला अशा नऊ ठिकाणी लिहावे लागले.