गोळी वरून का गेली? लांब पल्ल्याच्या गणितात या चुका टाळा

दर महिन्याला कोणी ना कोणी बॅलिस्टिक अ‍ॅपचा, म्हणजे गोळी किती घसरेल ते सांगणाऱ्या अ‍ॅपचा, स्क्रीनशॉट पाठवतो आणि खाली लिहितो, ‘सर, अ‍ॅप गंडलंय.’ देवळालीला तोफखान्यात असताना हेच गणित मी कागदावर, तक्त्यांवरून केलंय, त्यामुळे लोकांना वाटतं मी मोबाइलचाही वैद्य आहे. आजवर एकदाही अ‍ॅप गंडलेलं निघालं नाही. गंडले होते ते भरलेले आकडे.

एक गोष्ट आधीच सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे हौसेची शिकार बंद आहे. नाशिकची पोरं हे शिकतात ती टार्गेटसाठी. शिकारीची रायफल घेऊन डोंगरात जाणारे आपले लोक आहेत ते परदेशात, तिथल्या परवान्यावर.

उतारावरचं अंतर

माझा भाचा न्यूझीलंडला असतो. तिथे थारची, म्हणजे डोंगरी बोकडासारख्या प्राण्याची, शिकार चालते. हा प्राणी मूळचा आपल्या हिमालयातला. 1904 मध्ये तिकडे नेऊन सोडला आणि पुढे तिथल्या डोंगरांना डोईजड झाला. गेल्या जूनमध्ये मी सकाळचा चहा घेत होतो, तेवढ्यात त्याचा फोन.

“मामा, स्कोप गेला बहुतेक. साडेतीनशे मीटर, निवांत उभा होता. गोळी पाठीवरून गेली.”

“वरून खाली मारलीस का?”

“हो, चांगलाच उतार होता. खाली मारताना गोळी जास्त पडते ना, म्हणून स्कोपची चकती दोन क्लिक वाढवली होती.”

कपाळाला हात लावला. वर मारा नाहीतर खाली मारा, गोळी सपाटीवरच्या हिशेबापेक्षा वरच लागते. गोळीची घसरण ठरते ती जमिनीला समांतर असलेल्या अंतरावर, उतारावर मोजलेल्या अंतरावर नाही. उतार निघाला 35 अंशांचा. 350 ला 35 अंशांच्या कोसाइनने, म्हणजे 0.82 ने गुणा, 287 मीटर होतात. त्याची रायफल .308 ची, 168 ग्रेन वजनाची गोळी, झीरो (नेम जुळवून ठेवलेलं अंतर) 100 मीटरवर. 350 साठी साधारण 2.2 मिल (कोनाचं माप, 100 मीटरवर 10 सेंटीमीटर) लागतात, 287 साठी 1.6 च्या आत. फरक 0.6 मिलचा, म्हणजे तिथे वीतभर. त्यात पठ्ठ्याने मनाचे दोन क्लिक (प्रत्येकी 0.1 मिल) घातले, आणखी सात सेंटीमीटर. थारचं नशीब.

मी काय करतो ते सांगतो. कंपासपेटीतला कोनमापक, मधल्या भोकातून दोरा, टोकाला एक नट. नळीला समांतर धरायचा आणि दोरा कुठे थांबतो ते वाचायचं. दस्त्यावर चिकटपट्टी लावून तीन आकडे लिहायचे: 20 अंशांना 0.94, 30 ला 0.87, 40 ला 0.77. कोन धरून अंतर दाखवणारे रेंजफाइंडर आता मिळतात, घ्या खुशाल. फक्त त्याने एकदा कमी केलेलं अंतर अ‍ॅपमध्ये कोन भरून पुन्हा कमी करू नका. हेही पाहिलंय.

हवेचा दाब

त्याच फोनवर भाच्याने दाब वाचून दाखवला, 1021 मिलिबार. मी म्हटलं, “तू दीड हजार मीटरवर उभा आहेस, तिथे 845 च्या आसपास असायला हवा.” हवामानाच्या अ‍ॅपमध्ये दिसतो तो दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. गोळीला लागतो तो उभ्या जागेचा खरा दाब. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. इथे खरा दाब 940 च्या जवळपास असतो आणि फोन सांगतो 1010. हवा दाट धरली की अ‍ॅप घसरण जास्त दाखवतं, आणि तुमची गोळी वर जाते.

पण याचाही बाऊ नको. साडेतीनशे मीटरवर भाच्याच्या दाबाच्या चुकीने तीन-चार सेंटीमीटर गेले असतील, उताराने वीतभर. नव्या मुलांना मात्र दाब, आर्द्रता, पृथ्वीचं फिरणं हेच बोलायला आवडतं. कोनमापक लटकवायला लाज वाटते. नाशिकच्या उंचीवर ही चूक खरी बोचते ती 800 मीटरच्या पुढे, तिथे तीही वीत ओलांडते. खरा दाब भरणार असाल तर उंचीचा रकाना मोकळा सोडा, नाहीतर दोनदा वजाबाकी होते.

डब्यावरचा वेग

काडतुसांच्या डब्यावर छापलेला वेग कारखान्याच्या चाचणीच्या नळीचा असतो, बहुधा 24 इंची. तुमची 20 इंची असेल तर इंचामागे सेकंदाला 20-25 फूट गेले असं धरा. सेकंदाला शंभर फुटांचा फरक 300 मीटरवर चार-पाच सेंटीमीटरचा, 600 वर मात्र जवळपास फूटभराचा. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) मागून आणा, दहा राउंड मारा, सरासरी घ्या. आणि सेन्सर प्रकाशावर चालणारा असेल तर ट्यूबलाइटखाली ठेवू नका. आमच्याकडे एका मुलाने पत्र्याच्या शेडमध्ये ट्यूबखाली .22 चा वेग मोजला. 1070 फुटांच्या आसपास यायला हवा, आला 1400. त्याने तो निमूट अ‍ॅपमध्ये भरला. आकडा पाहून हसू आलं नाही म्हणजे आधी 50 मीटरवर महिनाभर मारा, तेवढ्या अंतरात .22 ची गोळी नळीच्या रेषेखाली बारा-तेरा सेंटीमीटर येते, शिकायला पुष्कळ आहे.

उरलेल्या

बॅलिस्टिक कोएफिशंट म्हणजे गोळी हवा किती कापते तो आकडा, जी-वन आणि जी-सेव्हन ही त्याची दोन मापं. जी-सेव्हनचा आकडा जी-वनच्या रकान्यात भरू नका, गोळी कागदावरच पंगू होते.

स्कोपची उंची नळीच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंत, फूटपट्टीने. अ‍ॅपने आधीच भरलेला दीड इंच तुमचा नसतो.

स्कोपमधल्या खुणा मिलच्या आणि टरेट (फिरवायची चकती) एमओएचं, म्हणजे कोनाच्या दुसऱ्या मापाचं, असेल तर विकून टाका. हिशेब येतो (1 मिल म्हणजे 3.44 एमओए), पण थंडीत बोटं गारठली की येत नाही.

तीन गोळ्यांच्या ग्रुपवर झीरो झाला म्हणू नका. मी दहा मारायला लावतो, पोरं काडतुसांच्या किमती सांगतात. मग मी म्हणतो, उद्या या.

वाऱ्यासाठी मला आकडा विचारू नका. पाचोळ्याकडे, धुराकडे बघा, निम्म्या वाटेवरच्या गवताकडे बघा, वहीत लिहा.

भाच्याने परवा फोटो पाठवला. रायफल, कोनमापक, दोरा, खाली लोंबणारा सायकलचा नट. शेजारी कागदावर पेनने: ‘31 अंश, 0.86.’ स्कोपचं नाव काढलं नाही.