सागरी कासव आणि देवगांडूळ यांची तुलना कशी मांडावी

सातारा किंवा सांगलीतील विद्यार्थ्यांना दोन दुर्मिळ प्राण्यांचा तुलनात्मक प्रकल्प करायचा असेल, तर कोकण किनाऱ्यावर अंडी घालणारे ऑलिव्ह रिडले कासव आणि आपल्याच घाटमाथ्यावरचे देवगांडूळ ही जोडी घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन. ‘इंडोटायफ्लस महाराष्ट्रेन्सिस’ या देवगांडुळाची शास्त्रीय नोंद 2004 मध्ये झाली आणि ती पाटण तालुक्यातील कोयनेजवळच्या हुंबरळीच्या नमुन्यांवरून झाली, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना माहीत असायलाच हवी.

सुरुवातीला वर्गीकरण पक्के करावे. कासव सरीसृप आहे. देवगांडूळ बेडकाच्या कुळाशी नाते सांगणारा, पाय नसलेला उभयचर आहे. तो ना साप, ना गांडूळ: त्याला पाठीचा कणा, जबडा आणि दात असतात, आणि डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान वास घेण्यास मदत करणारी बारीक स्पर्शिका असते.

लांबी, वजन, रंग असे रकाने आखून तक्ता भरण्यात वेळ घालवू नये. खरी तुलना अंड्यांपासून सुरू करावी, कारण दोघांचेही भवितव्य जमिनीवर ठरते. रिडलेची मादी वाळूत खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालते, ती झाकते आणि समुद्रात परतते. साधारण 45 ते 60 दिवस त्या अंड्यांना आईची राखण नसते आणि पिल्ले नर होतील की माद्या, हे वाळूच्या तापमानावर अवलंबून असते, म्हणजे वाळू अधिक तापली की माद्या अधिक. याउलट देवगांडुळाच्या अनेक जातींत मादी ओलसर मातीत मोजकीच अंडी घालते आणि त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते. एकीकडे संख्येवर भिस्त, दुसरीकडे राखणीवर; हा फरक प्रकल्पात सविस्तर मांडावा.

धोक्यांची मांडणी करताना विशेष काळजी घ्यावी. रिडले आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (IUCN) धोक्यातील जातींच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ आहे, आणि फुप्फुसाने श्वास घेणारे हे कासव मासेमारीच्या जाळ्यात अडकले की बुडून मरते. देवगांडुळाच्या अनेक जातींपुढे मात्र ‘अपुरी माहिती’ एवढाच शेरा असतो. त्याचा अर्थ ‘सुरक्षित’ असा कदापि लावू नये. त्वचेतूनही श्वास घेणाऱ्या या जिवाला मातीचा ओलावा गेला की जगणे अशक्य होते, शिवाय साप समजून त्याला मारलेही जाते.

कासवाची पिल्ले पाहण्यासाठी मंडणगड तालुक्यातील वेळासला जाता येते. तेथे फ्लॅश वापरू नये आणि पिल्लांना हात लावू नये. देवगांडुळासाठी पावसाळ्यात शिक्षकांसोबत जावे, अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाची परवानगी घ्यावी, माती खणू नये. एखादा दगड उचललाच, तर तो तसाच्या तसा परत ठेवावा. प्राणी दिसल्यास दुरून छायाचित्र घ्यावे आणि तारीख, वेळ, ठिकाण व मातीचा ओलावा वहीत तेथेच नोंदवावा.