खिडक्यांच्या काचा पुसण्याचा नवा व्यवसाय : दर कसे ठरवावेत

नाशकात गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांत उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींमधील काचांचे आकार पाहिले, तर फडके आणि जुने वर्तमानपत्र घेऊन स्टुलावर चढण्याचे दिवस आता फार उरलेले नाहीत, हे सहज लक्षात येते. हे काम व्यवसाय म्हणून करू पाहणाऱ्या तरुणाला शिडी, वायपर, बादली जमवायला आठवडाही लागत नाही. अडते ते दराशी. बहुतेक जण आधीपासून काम करणाऱ्या कोणाला तरी फोन करून त्याचा दर विचारतात आणि त्यातून थोडे कमी करून आपला दर सांगू लागतात. त्या माणसाचा खर्च, त्याची माणसे आणि त्याच्या कामाची प्रत यांपैकी काहीच आपल्याला ठाऊक नसते, म्हणून हा मार्ग टाळावा. खिडकीमागे किती घ्यावे हा प्रश्न नंतरचा आहे. आपला कामाचा एक तास आपल्याला कितीला पडतो, हे त्याआधी कागदावर मांडावे लागते.

पायरी पहिली : तासाचा खर्च काढा

एक वही घ्या आणि महिन्याचा सगळा खर्च लिहून काढा. उदाहरणादाखल आकडे धरू. ते बाजारभाव नव्हेत, त्यांच्या जागी प्रत्येकाने स्वतःचे आकडे घालावेत. स्वतःची मजुरी २२,००० रुपये, एका मदतनिसाचा पगार १५,०००, पेट्रोल व दुचाकीची देखभाल ४,०००, साबण, फडकी, वायपरची रबरे इत्यादी साहित्य २,५००, शिडी व इतर अवजारांची झीज १,५००, फोन, जाहिरात व किरकोळ खर्च २,०००. बेरीज ४७,००० रुपये होते. या यादीतील पहिली ओळ पुष्कळ जण लिहीतच नाहीत. ‘उरेल ते माझे’ असा त्यांचा हिशेब असतो आणि महिनाअखेरीस मदतनिसाच्या हाती मालकापेक्षा जास्त पैसे पडतात.

आता ही रक्कम तासांनी भागायची. महिन्याचे २४ दिवस आणि दिवसाचे आठ तास धरून १९२ ने भागले, तर तास २४५ रुपयांना पडतो असे वाटते. हा आकडा फसवा आहे, कारण आठ तासांतले सगळे तास काचेवर जात नाहीत. नाशिकरोडहून गंगापूर रोडला जाताना द्वारका चौकात घालवलेला वेळ, सोसायटीच्या फाटकावरील नोंदवहीत नाव लिहिणे, गाडी लावायला जागा शोधणे, पाणी भरणे, घरमालकीणबाईंनी खिडकीतल्या कुंड्या उचलेपर्यंत थांबणे आणि नुसते काम पाहून यायला घातलेल्या फेऱ्या या सर्वांचे पैसे कोणीही वेगळे देत नाही. दिवसाला प्रत्यक्ष कामाचे पाच तास हाती लागले, तरी नव्या माणसाने समाधान मानावे. मग तास होतात १२० आणि एका तासाचा खर्च होतो सुमारे ३९२ रुपये. त्यावर २० टक्के नफा धरला, तर दोघांच्या जोडीचा तास साधारण ४७० रुपयांना विकावा लागतो. नफा ही मालकाची मजुरी नव्हे. फुटलेली काच, बुडालेले बिल आणि कामाविना गेलेला आठवडा याच पैशांतून भरून निघतो.

पायरी दुसरी : घड्याळ लावून काम मोजा

स्वतःच्या घरी आणि दोन-तीन नातेवाइकांकडे काम करून प्रत्येक प्रकारच्या खिडकीला लागणारी मिनिटे टिपून ठेवा. नाशकातील सदनिकांत बहुतेक ठिकाणी अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात. त्यांत काच पुसणे हे सर्वांत सोपे काम असते; वेळ खातात त्या खालच्या खाचांमध्ये साचलेली माती, डासांची जाळी आणि बाहेरून ठोकलेली लोखंडी ग्रील. ग्रीलच्या गजांतून हात घालून काचेची बाहेरची बाजू पुसायला मोकळ्या काचेच्या दुप्पट वेळ सहज लागतो. पल्ला रुळावरून उचलून आत घेता आला तर काम झटपट होते. परंतु जुन्या खिडकीची चाके झिजलेली असतात आणि पल्ला परत बसला नाही, तर सुताराचे पैसे आपल्याला भरावे लागतात.

जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या लाकडी खिडक्यांना ही मोजमापे लागू पडत नाहीत. लहान लहान तावदाने, काच बसवायला भरलेली पण सुटत आलेली लांबी (पुट्टी) आणि रंगाचे पोपडे सांभाळत हे काम करावे लागते, त्यामुळे तेथे खिडकीमागे दर न सांगता सरळ तासाच्या हिशेबाने घ्यावे.

रंगारी आणि फॅब्रिकेटर चौरस फुटावर दर सांगतात, म्हणून ग्राहकही ‘फुटाला किती?’ असेच विचारतो. माझ्या मते घरगुती कामाला चौरस फूट हे माप योग्य नाही. चाळीस चौरस फुटांची एकसंध, बंद काच पाच मिनिटांत स्वच्छ होते, तर सोळा चौरस फुटांची, जाळी, ग्रील आणि तीन खाचा असलेली खिडकी बारा मिनिटे घेते. घरांसाठी खिडकीच्या प्रकारानुसार दर ठेवावा. चौरस फुटाचा दर मोठ्या कार्यालयांच्या सपाट काचांसाठी राखून ठेवावा.

पायरी तिसरी : मिनिटांचे रुपये करा

दोन शयनगृहांच्या सदनिकेचे उदाहरण घेऊ. पाच सरकत्या खिडक्या प्रत्येकी १२ मिनिटे, म्हणजे ६० मिनिटे. बाल्कनीचे काचेचे दार २५. स्नानगृहांचे दोन झरोके मिळून २०. सामान मांडणे व आवरणे १५. एकूण १२० मिनिटे, म्हणजे दोन तास, म्हणजे ९४० रुपये. सदनिकेच्या ग्राहकाला मात्र तास सांगू नयेत. तासाचा दर ऐकला की तो घड्याळाकडे पाहू लागतो, आणि काम सवयीने लवकर उरकू लागले की त्याच सफाईचे कमी पैसे मागायची पाळी येते. त्याला खिडकीचा दर द्यावा आणि तासांचा हिशेब आपल्या वहीत ठेवावा.

किमान आकार, म्हणजे एका फेरीचे कमीत कमी पैसे, ठरवणे तितकेच आवश्यक आहे. एखाद्याला फक्त दोन खिडक्या पुसून हव्या असतात आणि त्याचे घर म्हसरूळला असते. वरील हिशेबात दीड तासाचे, म्हणजे सुमारे ७०० रुपयांपेक्षा लहान काम घराबाहेर पडण्याच्याही लायकीचे राहत नाही. फोनवरच हे नम्रपणे सांगावे.

पहिली सफाई, क्षारांचे डाग आणि उंची

पहिल्या खेपेचा दर आणि पुढील नियमित खेपांचा दर एकच ठेवणे, ही या व्यवसायातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे. नव्या घराच्या काचांवर सिमेंटचे शिंतोडे, रंगाचे थेंब, सिलिकॉनचे पट्टे आणि चिकटवलेली लेबले असतात; जुन्या घरात वर्षानुवर्षांची धूळ पावसात भिजून थापलेली असते. अशा कामाला नेहमीच्या दीडपट ते दुप्पट वेळ धरावा आणि तसे लेखी कळवावे. टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेवर डाग खरवडण्याचे पाते चालवल्यास कधी कधी चरे उमटतात, म्हणून पाते वापरण्यापूर्वी ग्राहकाची लेखी संमती घ्यावी.

बोअरच्या पाण्याचे डाग हा वेगळा विषय आहे. कूपनलिकेच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी वाळते आणि क्षार काचेवर पांढरे होऊन बसतात. सौम्य आम्लाने ते निघतात, पण तेच आम्ल अॅल्युमिनियमच्या चौकटीला आणि खालच्या संगमरवरी पट्टीला खराब करते, म्हणून या कामाला जपून आणि सावकाश हात लावावा लागतो. डाग फार जुने असतील, तर काचच खरवडल्यासारखी झालेली असते आणि कितीही घासले तरी ती पूर्ववत होत नाही. क्षार काढण्याचा दर स्वतंत्र लावावा, आधी एका कोपऱ्यात हातभर काच घासून दाखवावी आणि मगच आकडा सांगावा. आपणही शेवटचा हात बोअरच्या पाण्याने फिरवू नये. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजण्याचे छोटे यंत्र जवळ बाळगावे.

उंचीच्या बाबतीत ‘वरच्या मजल्याला थोडे जास्त’ असा दर कधीही लावू नये. जमिनीवर उभे राहून लांब दांड्याने किंवा घरातूनच सुरक्षितपणे पोहोचता येते तेवढेच काम घ्यावे. दोरावरून उतरून काचा पुसणे ही निराळी विद्या आहे. तिला प्रशिक्षित माणसे, भक्कम बांधणी आणि विमा लागतो. तो खर्च आपल्या दरात नसेल, तर ते काम आपले नाही.

घासाघीस होईल तेव्हा

‘आमच्या मावशी दिवाळीला शंभर रुपयांत सगळ्या खिडक्या करून देतात’ हे वाक्य पहिल्याच महिन्यात ऐकायला मिळेल. त्यावर वाद घालू नये आणि मावशींच्या कामाला नावे तर मुळीच ठेवू नयेत. दर कमी न करता काम कमी करून दाखवावे : जाळ्या वगळल्या तर इतके, फक्त आतील बाजू केली तर इतके. सूट द्यायचीच असेल, तर ती आपला खर्च खरोखर वाचतो तिथे द्यावी. एकाच सोसायटीतील आठ-दहा घरांनी एकाच दिवशी काम ठरवले, तर प्रवास आणि मांडामांड यांचा वेळ वाचतो. त्या वाचलेल्या वेळेतला निम्मा वाटा त्यांना द्यायला हरकत नाही. ओळखीच्या माणसाला ओळखीपोटी दिलेला दर मात्र त्याच्या सगळ्या शेजाऱ्यांचा दर होऊन बसतो.

दुकाने आणि कंपन्या

कॉलेज रोड किंवा एम. जी. रोडवरील दुकानांच्या दर्शनी काचा दर आठवड्याला पुसाव्या लागतात. एका खेपेची रक्कम लहान असते, तरीही एकाच रांगेतील सहा-सात दुकाने मिळाली, तर ती उघडण्यापूर्वी सकाळी दोन तासांत उरकतात आणि घरगुती कामापेक्षा चांगले पैसे सुटतात. म्हणून येथे किमान आकार सोडून, रांग मिळत असेल तर कमी दर लावणे शहाणपणाचे आहे. लांबवरच्या एकट्या दुकानाला तो दर देऊ नये.

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील कंपन्यांकडे काम मोठे असते, पण पैसे सावकाश येतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनाशुल्क होते. ती असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. तरी दीड महिना मदतनिसाचा पगार खिशातून द्यावा लागणार, हे धरूनच दर सांगावा. वर्षभरात एका कंपनीकडून एक लाखापेक्षा जास्त, किंवा एकाच बिलाचे ३०,००० रुपयांपेक्षा जास्त येणे असेल, तर ती एक टक्का कर (टीडीएस) कापून उरलेले देते. हा टीडीएस पाण्यातल्या टीडीएससारखा कायमचा डाग ठेवत नाही. विवरणपत्र भरले की हिशेबात वळता होतो.

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल, तर सहसा जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, आणि नोंदणी नसताना ग्राहकाकडून हा कर घेताही येत नाही. आपल्या उदाहरणातील जोडीची सगळी विक्री वर्षाला पावणेसात लाखांच्या आसपास जाते. नोंदणी झाल्यावर मात्र सफाई सेवेवर १८ टक्के कर लागतो, आणि घरगुती ग्राहकाला त्याची वजावट मिळत नसल्यामुळे त्याला तो भाववाढीसारखाच वाटतो.

हंगाम आणि दरवाढ

जून ते सप्टेंबर घरगुती काम मंदावते आणि नवरात्रापासून दिवाळीपर्यंत फोन थांबत नाही. दिवाळीत दर चढवावेत की नाही, याबद्दल मतभेद आहेत. मला असे वाटते की वर्षातून तीन-चार वेळा बोलावणाऱ्या घरांना जुनाच दर ठेवून आधी तारीख द्यावी आणि फक्त दिवाळीपुरत्या येणाऱ्यांकडून पूर्ण दर व काही आगाऊ रक्कम घ्यावी. सिंहस्थाच्या निमित्ताने लॉज आणि हॉटेलांची कामे येतील. ती घेताना एकदाची भरमसाट रक्कम मागण्यापेक्षा वर्षभराच्या मासिक सफाईचा करार मागावा.

पहिली तीस कामे झाली की वहीतील अंदाजित मिनिटे आणि प्रत्यक्ष लागलेली मिनिटे शेजारी शेजारी मांडावीत. दहापैकी दहा जण घासाघीस न करता होकार देत असतील, तर दर कमी आहे. तीन-चार जण नाही म्हणत असतील, तर घाबरण्याचे कारण नाही. दर वर्षातून एकदाच वाढवावेत आणि नियमित ग्राहकांना महिनाभर आधी, जुना व नवा दोन्ही दर लिहून, कळवावे. वाढ १ एप्रिलपासून करायची असेल, तर मार्चच्या पहिल्या आठवड्यातील खेपेच्या वेळी बिलाबरोबरच ती चिठ्ठी हाती द्यावी.