ध्रुवित प्रोटॉनांचं प्रकीर्णन: आकडे हाताळताना या चुका टाळा

इंदूरला इंडस-१ आणि इंडस-२ ही कण फिरवणारी यंत्रं आहेत, पण त्यांत फिरतात ते इलेक्ट्रॉन. ध्रुवित प्रोटॉनांवर (म्हणजे ज्यांचे स्पिन बहुतेक एकाच दिशेला आहेत अशा प्रोटॉनांवर) प्रकल्प घेणारी इथली एम.एस्सी.ची मुलं बाहेर मोजलेल्या आकड्यांवरच काम करतात, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे एकाच स्पिनवर डावा-उजवा फरक काढून मोकळं होणं. ध्रुवण, म्हणजे स्पिन एका दिशेला किती वळलेत त्याचं माप, ०.७५ धरा. टार्गेटच्या दोन्ही बाजूंना सारख्याच कोनावर डिटेक्टर आहेत. स्पिन वर असताना डावीकडे ११,९६० नोंदी, उजवीकडे ८,५००. फरकाला बेरजेने भागलं की ०.१६९, त्याला ध्रुवणाने भागलं की विश्लेषणक्षमता (बीम पूर्ण ध्रुवित असता तर दिसली असती ती डावी-उजवी असममिती) ०.२२५. त्रुटी फक्त ०.००९, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. खरं उत्तर मात्र ०.२०० आहे, डाव्या डिटेक्टरचा घनकोन (टार्गेटवरून दिसणारा त्याचा विस्तार) ४ टक्के मोठा होता. आता स्पिन खाली करून घेतलेल्या नोंदी बघा: डावीकडे ८,८४०, उजवीकडे ११,५००. डावा-वर गुणिले उजवा-खाली, भागिले डावा-खाली गुणिले उजवा-वर, वर्गमूळ १.३५३. त्यातून १ वजा करा, मग वर्गमुळातच १ मिळवून आलेल्या संख्येने भागा: ०.१५०. ध्रुवणाने भागलं की ०.२००. घनकोन, डिटेक्टरची कार्यक्षमता, दोन फेऱ्यांतला बीमचा कमी-जास्त भार, सगळं कटतं. हे एकदा कागदावर हाताने कराच.

स्पिन उलटताना बीमही सरकत असेल, तर ती खोटी असममिती या युक्तीने जात नाही. डेड टाइमची (एक नोंद घेताना डिटेक्टर दुसरी घेऊ शकत नाही त्या वेळेची) दुरुस्ती चारही आकड्यांवर वेगवेगळी, आणि आधी.

कोन प्रयोगशाळेचा की द्रव्यमानकेंद्राचा, हे तक्त्याच्या डोक्यावर वाचा. कार्बन-१२ वर प्रयोगशाळेतल्या ६०° चे द्रव्यमानकेंद्रात सुमारे ६४° होतात, शिसे-२०८ वर फरक जेमतेम पाव अंश.

विश्लेषणक्षमता त्रुटीपलीकडे १ च्या वर गेली, तर ती १ वर कापू नका. ध्रुवणाचा आकडा आणि पार्श्वभूमीची वजाबाकी तपासा.

दुसरी मोठी चूक स्पिन-कक्षा विभवातल्या (प्रोटॉनाच्या स्पिनवर आणि कक्षीय गतीवर अवलंबून असलेल्या विभवातल्या) दोनाच्या गुणकाची. बेकेटी आणि ग्रीनलीस यांच्या १९६९च्या विभव-प्राचलांच्या संचात प्रोटॉनासाठी ही खोली ६.२ एमईव्ही आहे, ती एल-सिग्मा गुणाकारासाठी. एल म्हणजे कक्षीय कोनीय संवेग, एस म्हणजे स्पिन, सिग्मा म्हणजे स्पिनची दुप्पट. तुमचा प्रोग्राम एल-एस गुणाकार वापरत असेल, तर १२.४ द्यावे लागतात. ६.२ तसेच ठेवले की विश्लेषणक्षमतेचे चढउतार खुजे येतात. मग उतावळा माणूस सगळी प्राचलं मोकळी सोडतो, काल्पनिक (शोषण दाखवणाऱ्या) विभवाची खोली भलतीकडे जाते, क्रॉस सेक्शनची (कोणत्या कोनाला किती प्रकीर्णन होतं त्याची) रेघ मात्र छान बसलेली दिसते. अशा फिटला काडीचा अर्थ नसतो. आधी स्पिन-कक्षा विभव शून्य करा: शून्य स्पिनच्या अणुकेंद्रावर विश्लेषणक्षमता प्रत्येक कोनाला शून्यच यायला हवी. मग छापील संच जसाच्या तसा घालून छापील वक्र काढून बघा. तो जुळल्यावर एकेकच प्राचल सोडा.

क्रॉस सेक्शन जिथे खोल खाली जातो, तिथे विश्लेषणक्षमता थोड्याच अंशांत धनाकडून ऋणाकडे उडी घेऊ शकते. डिटेक्टरचं तोंड ती उडी बोथट करतं. म्हणून सिद्धांताचा वक्रही तेवढ्याच कोनांवर, क्रॉस सेक्शनचं वजन देऊन, सरासरी करून मगच आकड्यांशेजारी ठेवा.