वसई-मीरा रोडहून वेस्टर्न एक्सप्रेस हायवेने रोज ऑफिस गाठायचं असेल तर

वसई, नालासोपारा, विरार नाहीतर मीरा रोडला नवीन घर घेतलंय, ऑफिस अंधेरीला किंवा बीकेसीला (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) आहे, आणि विरार लोकलची गर्दी झेपत नाही म्हणून बाईक किंवा गाडी काढायचं ठरवलंय, अशा लोकांसाठी हे लिहितोय. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, या रस्त्यावर वेळ वाचतो तो तुम्ही घरातून कधी निघालात आणि पुलाच्या आधी कुठल्या लेनमध्ये होतात त्यावर, गाडी किती पळवली त्यावर अजिबात नाही. तुम्हाला कट मारून पुढे गेलेला माणूस दहिसर नाक्यावर तुमच्या शेजारीच उभा असतो, हे पहिल्याच आठवड्यात कळेल.

आता रस्ता नीट समजून घ्या. वेस्टर्न एक्सप्रेस हायवे म्हणजे दहिसर चेकनाका ते वांद्र्याचं कलानगर-माहीम, साधारण २५ किलोमीटर. नाक्याच्या अलीकडे, म्हणजे मीरा रोड-वसई बाजूला, तो नॅशनल हायवे ४८ आहे, जुनी माणसं अजून आठ नंबरच म्हणतात, आणि तोच पुढे सुरत-अहमदाबादकडे जातो. म्हणजे वसई-विरारच्या माणसाला रोज दोन वेगळे रस्ते चालवायचे असतात. पहिल्यावर कंटेनर, ट्रेलर, टँकर आणि अंधार, दुसऱ्यावर बस, रिक्षा आणि वरून की खालून असा सतत निर्णय. दोन्हीकडे एकाच पद्धतीने गाडी चालवली की गडबड होते.

वसईहून निघणाऱ्यांसाठी आधी पहिला भाग. विरार फाटा, पेल्हार, वसई फाटा, चिंचोटी, बापाणे, ससूनवघर करत तुम्ही वर्सोवा पुलावर येता (मॅपवर टाकताना बघा, हा पूल वसईच्या खाडीवर घोडबंदरजवळ आहे, अंधेरीच्या वर्सोव्याशी त्याचा काही संबंध नाही). खानिवड्याचा टोल शिरसाडच्याही पुढे आहे त्यामुळे वसई-विरारहून मुंबईला येताना तो लागत नाही, नवीन लोक उगाच विचारत असतात. चिंचोटीला मात्र सावध राहायचं कारण तिथे कामण-भिवंडीचा रस्ता येऊन मिळतो आणि भिवंडीच्या गोदामांचा माल घेऊन मोठ्या गाड्या वळत असतात, ट्रेलर वळताना त्याच्या डाव्या बाजूला शिरू नका, ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही आणि मागची चाकं पुढच्यापेक्षा आतून कापत जातात. बाईकवाल्यांनो हे खरंच मनावर घ्या, दोन मिनिटं मागे थांबलात तर काही बिघडत नाही.

या पट्ट्यात २०२४ मध्ये व्हाइट टॉपिंगचं, म्हणजे डांबराच्या रस्त्यावर काँक्रीटचा थर टाकायचं काम सुरू झालं आणि तेव्हा लोकांचे भयंकर हाल झाले. काँक्रीट झालेल्या भागात खड्ड्यांचा त्रास कमी असतो पण कडेचा भाग आणि मुख्य रस्ता यात उंचीचा फरक राहतो, तिथे बाईकचं चाक तिरकं उतरवलं की हँडल हातातून जातं. उतरायचंच असेल तर स्पीड कमी करून घ्या आणि शक्य तितकं काटकोनात उतरा.

मग येतो फाउंटन, म्हणजे पुलानंतर ठाण्याचा घोडबंदर रोड हायवेला मिळतो ते जंक्शन. सगळ्या प्रवासाचं भवितव्य इथे ठरतं असं म्हटलं तरी चालेल. कारण काय तर उरणच्या जेएनपीटी बंदरातून गुजरातला जाणारे कंटेनर ठाण्यातून घोडबंदर रोडने इथे येतात आणि हायवेला लागतात, गुजरातहून येणारे इथेच ठाण्याकडे वळतात. घोडबंदर रोडवर गायमुखचा घाट आहे, लहानसाच आहे पण चढ आणि वळण दोन्ही असल्यामुळे एखादा भरलेला ट्रेलर तिथे बंद पडला की रांग मागे मागे येत फाउंटनपर्यंत पोचते, आणि ठाण्याकडे वळायला थांबलेल्या गाड्यांनी वर्सोवा पूलही भरतो, मग तुम्हाला ठाण्याला जायचं नसलं तरी तुम्ही अडकता. त्यामुळे मुंबईला जाणाऱ्याने पूल लागायच्या आधीच उजवीकडची लेन धरून ठेवायची, डावीकडच्या रांगेत चुकून शिरलात तर बाहेर यायला कोणी जागा देत नाही. खाडीवर २०२३ मध्ये नवीन पूल सुरू झाला त्याने मोठा फरक पडला हे खरं, पण वळणाऱ्या गाड्यांचा प्रश्न पुलाने सुटत नाही.

म्हणून मॅप दोनदा बघा. एकदा घरातून निघताना आणि एकदा वसई फाट्याच्या आधी, गाडी बाजूला घेऊन. आणि बघताना फक्त ऑफिसपर्यंतचा वेळ बघू नका, गायमुख लाल आहे का ते झूम करून बघा. तिथे लाल दिसलं आणि पूल अजून मोकळा असला तरी थोड्या वेळात इकडे येणार हे धरून चाला. अशा दिवशी वसई फाट्यावरच निर्णय घ्यायचा, गाडी स्टेशनला लावून लोकल पकडायची. पूल चढल्यावर काहीच पर्याय राहत नाही.

मीरा रोडवाल्यांची सुरुवात काशिमीऱ्यापासून, त्यांचा पहिला अडथळा दहिसर चेकनाका. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही एंट्री पॉइंटवर कार आणि हलक्या गाड्यांना टोल माफ झालाय, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की आता नाका मोकळा. तसं झालं नाही, कारण अवजड गाड्यांना टोल आहेच, आणि रस्ता नाक्यावर आधी पसरतो आणि नाका सुटला की परत आवळतो, गर्दी त्या आवळण्यामुळे होते. इथे करायचं एवढंच की आपली कार-बाईकची लेन लांबूनच धरायची आणि शेवटच्या क्षणी आडवं घुसायचं नाही. एका गाडीने आडवं घुसलं की मागच्या दहा ब्रेक मारतात आणि रांग तिथूनच तयार होते.

निघायची वेळ सांगतो, माझ्या हिशोबाने. वसईवाल्यांनी सकाळी सातच्या आत वर्सोवा पूल पार करायचा, मीरा रोडवाल्यांनी साडेसातच्या आत नाका. त्यानंतर साडेदहा-अकरापर्यंत निघण्यात अर्थ नाही. ऑफिस उशिराचं असेल तर अकराला निघा, पण एक लक्षात ठेवा, शहरात अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी बंदी असते, बंदी उठली की नाक्यावर थांबलेले ट्रक एकदम सुटतात, त्यांच्या आधी तरी निघा नाहीतर जरा नंतर तरी. लवकर पोचून ऑफिसखाली चहा घेत बसणं हे नाक्यावर क्लच दाबत बसण्यापेक्षा कधीही चांगलं.

आता नाक्याच्या आतला रस्ता, इथे सगळं काम पुलांचं आहे. नॅशनल पार्क, दिंडोशी, आरे, जोगेश्वरी, अंधेरी, विमानतळ, वाकोला, खेरवाडी असे एकामागून एक पूल येतात आणि प्रत्येक ठिकाणी नियम एकच, सरळ जायचं असेल तर वर, वळायचं असेल तर खाली. ऐकायला सोपं आहे पण मॅपची बाई कधीकधी पूल सुरू झाल्यावर सांगते की डावीकडे व्हा, आणि वर-खालचा रस्ता एकाच रेषेत असल्याने तुम्ही नक्की कुठे आहात हे तिलाही कळत नाही. त्यामुळे तुमचा शेवटचा पूल कुठला ते पाठ करून ठेवा. पवई, सीप्झ, विक्रोळीला जायचंय तर जोगेश्वरीचा पूल चढायचा नाही, खालून डावीकडे जेव्हीएलआर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. चकाला, एमआयडीसी किंवा अंधेरी स्टेशनला जायचंय तर अंधेरीचा पूल चढायचा नाही. इंटरनॅशनल एअरपोर्ट म्हणजे टी-टू, त्यासाठी विलेपार्ल्याजवळून सहारचा उन्नत मार्ग आहे, २०१४ पासून, त्याची लेन आधीच धरावी लागते. बीकेसीवाल्यांना दोन वाटा, ऑफिस कलिना-कुर्ला बाजूला असेल तर वाकोल्याला खाली राहून हंस भुग्रा मार्गाने, वांद्रे बाजूला असेल तर कलानगरला डावीकडे. चुकून पूल चढलात तर पुलावर थांबू नका, रिव्हर्स तर अजिबात घेऊ नका, पुढे जाऊन फिरून या, फार फार तर पंधरा मिनिटं जातील.

पूल चढण्यापेक्षा उतरताना जास्त लक्ष लागतं. वरून तीन-चार लेन गाड्या उताराने वेगात येतात, डावीकडून खालचा रस्ता येऊन मिळतो, आणि नेमकं तिथेच किंवा थोडं पुढे बसस्टॉप असतो. स्टॉपवर आधीच दोन रिक्षा पॅसेंजरची वाट बघत तिरक्या लागलेल्या, म्हणून बस स्टॉपला न लागता दुसऱ्या लेनमध्ये थांबते, बस पकडायला माणसं रस्त्यावर उतरतात, बसच्या मागची गाडी उजवीकडे बाहेर येते, आणि तुम्ही पुलावरून सत्तरने येत असता. हे सगळं पाच-सहा सेकंदांत होतं. त्यामुळे उतार लागला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, मधली लेन धरा, आणि पुढची बस दिसते का ते बघत राहा. बाईकवाले सवयीने डावीकडून उतरतात, तसं करू नका.

पावसाळ्यात अजून एक. पुलांच्या जोडावर रबर किंवा लोखंडी पट्ट्या असतात, त्या आणि लेनचे पांढरे पट्टे पहिल्या पावसात इतके गुळगुळीत होतात की वळताना त्यांच्यावर पुढचा ब्रेक लावलात तर बाईक आडवी झालीच म्हणून समजा. पट्टी सरळ ओलांडायची, ब्रेक आधी किंवा नंतर. मेट्रोच्या गर्डरखालून जाताना वरून पाण्याची मोठी धार अचानक हेल्मेटवर पडते, दचकू नका. आणि हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही घाला, मुंबईत २०२२ पासून सक्ती आहे म्हणून नाही, तर मागे तुमची बायको, भाऊ, मित्र बसलेला असतो म्हणून. जोराचा पाऊस असेल तर हायवे सोडून एस. व्ही. रोडला जायचा मोह टाळा, कारण पूर्व-पश्चिम जाणारे अंधेरी, मालाडचे सबवे भरतात आणि मग तिकडे गेलेला माणूस परत हायवेला येऊ शकत नाही. हायवे हळू चालतो पण चालतो.

साउथ मुंबईला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, सी लिंक आणि कोस्टल रोडवर बाईकला परवानगी नाही, माहीम कॉजवेनेच जावं लागेल.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. गाडी थेट ऑफिसपर्यंत नेलीच पाहिजे असं नाही. हायवेच्या डोक्यावरून मेट्रो ७ धावते, २०२२ मध्ये अर्धी आणि जानेवारी २०२३ मध्ये दहिसर पूर्व ते गुंदवली पूर्ण सुरू झाली. दहिसर किंवा ओवरीपाड्यापर्यंत गाडीने या, आसपासचं पे अँड पार्क एखाद्या रविवारी शोधून ठेवा, आणि वर चढा. खाली मागाठाण्याला सगळं तुंबलेलं असलं तरी वर तुम्ही बसून जाता. गुंदवलीहून पुलावरूनच मेट्रो १ चं वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशन, तिथून घाटकोपर बाजूला तिसरं स्टेशन मरोळ नाका, आणि मरोळ नाक्याला मेट्रो ३ मिळते जी ऑक्टोबर २०२४ पासून बीकेसीला जाते आणि २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोचली. तीन मेट्रो बदलायच्या म्हटल्यावर लोक नाक मुरडतात, पण वेळ ठरलेली असते, मीटिंगला दहाला पोचतो म्हटलं तर दहाला पोचता. ऑफिस मालाड वेस्ट, गोरेगाव वेस्टच्या लिंक रोडला असेल तर दहिसर पूर्वहूनच मेट्रो २ए पकडा, हायवेचा विचारच करू नका.

संध्याकाळचं गणित सकाळच्या उलट नाही, वेगळं आहे. सकाळी लोक वेगवेगळ्या वेळी निघतात, संध्याकाळी सहा ते नऊ सगळं ऑफिस एकदम सुटतं. बीकेसीहून सहाला निघालेला आणि साडेआठला निघालेला घरी पोचायला फार फरक पडत नाही, मग तो वेळ ऑफिसजवळ जिमला, क्लासला, जेवायला वापरा. शुक्रवारी तर नक्कीच, कारण तेव्हा मनोर-पालघरच्या रिसॉर्टला आणि गुजरातला जाणाऱ्या गाड्या भर घालतात, आणि जोडून सुट्टी असेल तर त्या शेवटच्या संध्याकाळी तेच लोक परत येताना विरार फाट्यापासून वर्सोवा पुलापर्यंत मुंबईकडची बाजू भरलेली असते, वसईहून मुंबईला जेवायला जायचा बेत त्या दिवशी करू नका. नवरात्रात जीवदानीला जाणाऱ्यांची विरार फाट्यावर पहाटेपासून गर्दी असते, विरारवाल्यांनी ते नऊ दिवस अर्धा तास जास्त धरावा.

गाडीची तयारी आदल्या रात्रीच करा. सीएनजी सकाळी भरायला गेलात तर रांगेतच तुमची सातची वेळ हुकते. टायरची हवा, मागचे लाइट, आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण डिकीत वरच राहील असा ठेवा, सामानाखाली नको. गाडी बंद पडलीच तर हॅजर्ड लावा, जमेल तितकी डावीकडे ढकला, त्रिकोण मागे बराच लांब ठेवा आणि स्वतः गाडीत किंवा गाडीमागे उभे न राहता कठड्याच्या पलीकडे जा, विशेषतः वसईच्या बाजूला रात्री, तिथे मागून येणाऱ्या ट्रेलरला थांबायला खूप अंतर लागतं. नाक्याच्या आत असाल तर ११२, नॅशनल हायवेवर असाल तर १०३३. फोन लावल्यावर पहिला प्रश्न तुम्ही कुठे आहात हाच येतो, त्यामुळे येता-जाता किलोमीटरचे दगड, पंप, हॉटेल बघत चला, आणि कुठल्या दिशेची बाजू, मुंबईकडची की गुजरातकडची, ते आधी सांगा.