पी हळद नि हो गोरी: सांगलीत ब्लॉकचेनचे डेव्हलपर जमवायचे आणि टिकवायचे कसे

ब्लॉकचेनसाठी (व्यवहारांची सगळ्यांकडे प्रत असलेली सामाईक वही, थोडक्यात चेन) डेव्हलपर जमवायचे म्हटलं की पहिल्यांदा हॅकेथॉन, म्हणजे दोन-एक दिवसांची कोडिंगची स्पर्धा, सुचतो. हॉल, टी-शर्ट, पिझ्झा, लाखाचं बक्षीस. आणि सोमवारी रेपोत (कोड ठेवायच्या सामाईक जागेत) शुकशुकाट. 'पी हळद नि हो गोरी' म्हणतात तो हाच प्रकार, निदान हळदीच्या पेठेत तरी तो करू नये. खर्चाचा क्रम उलटा लावा: आधी डॉक्स (वापराची माहितीपत्रकं), मग पीआर (कोणी सुचवलेला कोडमधला बदल) तपासणारा माणूस, मग मोबदला. कार्यक्रम सगळ्यात शेवटी.

पहिला तास

जावास्क्रिप्ट येतं पण सॉलिडिटी (चेनवरचे प्रोग्राम लिहायची भाषा) कधी लिहिली नाही, अशा तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला तुमचे डॉक्स द्या. शेजारी गप्प बसा, घड्याळ लावा. रेपो उतरवण्यापासून तिने बदललेला कॉन्ट्रॅक्ट (चेनवर चालणारा प्रोग्राम) डिप्लॉय होईपर्यंत, म्हणजे चेनवर चढेपर्यंत, तासाच्या वर वेळ गेला तर खोट डॉक्समध्ये आहे. ती जिथे जिथे थांबली ती जागा लिहून घ्या आणि त्याच रात्री दुरुस्त करा.

फाउंड्री (सॉलिडिटीच्या कामाची हत्यारपेटी) वापरत असाल तर घोडं ठरलेल्या ठिकाणीच अडतं. विंडोजवर तिचा इन्स्टॉलर पॉवरशेलमध्ये चालत नाही. गिट बॅश किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) लागतं. डब्ल्यूएसएल २ ला बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू हवं. कॉलेजच्या लॅबमध्ये ते बऱ्याचदा बंद असतं आणि बायोसचा पासवर्ड लॅब असिस्टंटकडे असतो. त्यांना आठवडाभर आधी भेटा, प्राचार्यांच्या भाषणापेक्षा ती भेट जास्त उपयोगी पडते. दुसरी अडचण: रेपो सबमॉड्यूलशिवाय (त्यात जोडलेल्या दुसऱ्या रेपोंशिवाय) क्लोन केला, म्हणजे उतरवला, की लिब फोल्डर रिकामं राहतं आणि पहिलाच बिल्ड इम्पोर्टवर अडू शकतो. क्लोनची पूर्ण कमांड डॉक्समध्ये कॉपी करता येईल अशी द्या. तिसरी: पहिल्या बिल्डला फोर्ज (फाउंड्रीतलं बिल्ड करणारं हत्यार) सॉलिडिटीचा कंपायलर नेटवरून उतरवतो. ४० जणांनी एकदम बिल्ड दिला की वायफाय बसलंच. कंपायलर पेन ड्राइव्हवर न्या. फाउंड्रीच्या कॉन्फिग फाइलमध्ये आवृत्तीच्या जागी त्या फाइलचा पाथ देता येतो.

टेस्टनेटला (सरावाच्या सार्वजनिक चेनला) पहिल्या दिवशी हात लावू नका. सरावाचं फुकट इथर (इथेरियम चेनचं चलन) देणारे बरेच फॉसेट आधी मेननेटवर, म्हणजे खऱ्या पैशांच्या चेनवर, थोडी शिल्लक मागतात. विद्यार्थ्याने ती आणायची कुठून? शिवाय यूट्यूबवरचे जुने धडे पॉलिगॉनच्या 'मुंबई' टेस्टनेटवर चालतात, आणि ते २०२४ मध्ये बंद होऊन 'अमॉय' आलं. ट्रफल (फाउंड्रीसारखीच जुनी हत्यारपेटी) गुंडाळत असल्याचं तर २०२३ मध्येच जाहीर झालं. त्यापेक्षा लॅपटॉपवर ॲन्व्हिल (फाउंड्रीतलीच सरावाची खासगी चेन) चालवा: १० खाती, प्रत्येकात १०,००० खोटे इथर, पोर्ट ८५४५, चेन आयडी ३१३३७. दोन गोष्टी मात्र बजावून सांगा. या खात्यांच्या प्रायव्हेट की (खात्याच्या गुप्त किल्ल्या) अख्ख्या जगाला ठाऊक आहेत. तिथे खरे पैसे पाठवले की बॉट उचलतात. आणि ॲन्व्हिल बंद करून पुन्हा सुरू केलं की चेन शून्यापासून सुरू होते, पण मेटामास्कला (ब्राउझरमधल्या वॉलेटला) जुना नॉन्स (खात्याच्या व्यवहारांचा अनुक्रमांक) आठवत असतो, त्यामुळे व्यवहार लटकतो. मेटामास्कच्या सेटिंग्जमधून ॲक्टिव्हिटीचा डेटा पुसला की सुटतो. एवढ्यावरून वैतागून मुलं घरी जातात.

काम कसलं द्यायचं

आणखी एक नवं कॉइन काढायला लावू नका. गोदामाची पावती घ्या: हळदीची पोती ठेवली, पावतीचं टोकन (चेनवरची डिजिटल नोंद) झालं, त्यावर तारण कर्ज. एकच पावती दोन ठिकाणी तारण पडू नये, हे कॉन्ट्रॅक्ट चोख बघतो. पण पोत्यात हळद आहे की भुसा, हे चेनला कळत नाही. काट्यावर सही कोणाची, आणि तो माणूस फितला तर त्याचा अधिकार काढायचा कसा? चांगला डेव्हलपर रमतो तो अशा प्रश्नात.

कामाचे इश्यू (रेपोत नोंदवलेली कामं) मात्र बेदाण्याएवढे करा. एका संध्याकाळी संपेल एवढं काम, कोणती फाइल, कोणती टेस्ट पास व्हायला हवी. असे दहा इश्यू कायम उघडे ठेवा. पीआर आली की ४८ तासांत उत्तर, मग ते 'रविवारी बघतो' एवढंच का असेना. भिजत घोंगडं पडलं की तोवर मुख्य शाखा पुढे सरकते, कॉन्फ्लिक्ट येतात, आणि नवखा माणूस परत फिरकत नाही. तपासायला माणूस नसेल तर बाउंटी (कामागणिक बक्षीस) जाहीरच करू नका.

पैसे

रुपयात द्या, पीआर मर्ज झाल्यापासून (मुख्य कोडमध्ये घेतल्यापासून) आठ दिवसांत. टोकनचा मोह देणाऱ्याला असतो, भुर्दंड घेणाऱ्याला. कामाच्या बदल्यात टोकन मिळालं की त्या दिवसाच्या भावाने ते उत्पन्न धरलं जातं. पुढे भाव पडला तरी ते कमी होत नाही. विकून नफा झाला तर १ एप्रिल २०२२ पासून त्यावर ३० टक्के कर, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. बारकावे सीएला विचारा. ग्रँट असेल तर हप्त्यांनी द्या आणि शेवटचा हप्ता तीन महिन्यांच्या देखभालीनंतरच.

गळती

वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजची काय, इस्लामपूरच्या (आता ईश्वरपूर) आरआयटी इंजिनीअरिंग कॉलेजची काय, बरीच मुलं पुण्याला जाणारच. त्यांना सांगलीत अडवायचा खटाटोप सोडा, रेपोत अडकवा. तीन-चार चांगल्या पीआर झाल्या की एका छोट्या मॉड्यूलचा मर्जचा अधिकार त्याच्या नावावर करा. कॉल शनिवारी रात्री नऊला, पाऊण तासाचा.

तारखा ठरवताना सेमिस्टर परीक्षा आणि कॅम्पस प्लेसमेंट टाळा. जुलैअखेर ते ऑगस्टही टाळा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीवर गेलं की तुमच्या वर्कशॉपची कोणाला पडलेली नसते.

हजेरीचा आकडा पोस्टरपुरता. वहीत दोनच रकाने ठेवा: ३० दिवसांनी ज्याची पीआर आली तो, आणि ९० दिवसांनी ज्याची पुन्हा आली तो. जो आला नाही त्याला फोन करून एवढंच विचारा, 'शेवटी कुठे अडलं होतं?' मिळालेलं उत्तर त्याच दिवशी रेपोत इश्यू म्हणून टाका.