काचेच्या पेल्यांना लाकडी कपाटाचा वास लागू नये म्हणून

कोजागरीच्या रात्री वरच्या कप्प्यातले काचेचे पेले खाली उतरतात, त्यांत गरम मसाला दूध ओतले जाते, आणि केशर-वेलदोड्याच्या आधी कपाटाचाच कुबट वास नाकाशी येतो. पावसाळ्याचे चार महिने हे पेले दमट हवेत, बंद दाराआड, फळीवर उपडे ठेवलेले असतात, त्यामुळे असे होणे स्वाभाविक आहे. मात्र वास काचेत मुरला आहे असे समजून पेले बाद करण्याचे काहीही कारण नाही.

काच सच्छिद्र नसल्यामुळे तिच्या आत वास शिरत नाही. लाकूड, सरस, पॉलिश आणि बुरशी यांतून निघणारी द्रव्ये बंद कप्प्यातल्या हवेत साठतात आणि काचेच्या पृष्ठभागावर त्यांचा अतिशय पातळ थर बसतो. काचेवर ओलसरपणा किंवा तेलकटपणा राहिला असेल, तर तो अधिक सहज बसतो. साबणाच्या कोमट पाण्याने हा थर निघून जातो, पण पेला पुन्हा त्याच कपाटात ठेवला की काही दिवसांत परततो. म्हणून उपाय पेल्यावर नव्हे, कपाटावर करावा लागतो.

आधी वास कुठला आहे ते ओळखावे. कप्पा पूर्ण रिकामा करून त्यात एक स्वच्छ, कोरडा पेला सुलटा ठेवावा, दार दोन दिवस बंद ठेवावे आणि तसाच दुसरा पेला मोकळ्या खोलीत ठेवावा. नंतर दोन्हींत थोडे गरम पाणी घालून वर बशी झाकावी आणि दोन मिनिटांनी हुंगून पाहावे. उष्णतेने वास वर येतो आणि फरक लगेच कळतो. डोळ्यांना झोंबणारा तिखट वास बहुधा पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ (लाकडाचा चुरा किंवा तंतू सरसाने दाबून केलेले बोर्ड) यांतल्या सरसाचा असतो. कुबट वास ओलीचा आणि बुरशीचा, खवट वास फळीवर बसलेल्या तेलाच्या थराचा, आणि थिनरसारखा वास नव्या पॉलिशचा.

सरसाच्या वासाबाबत थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण मॉड्युलर किचनमध्ये तोच सर्वाधिक चिवट ठरतो. या बोर्डांत बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइड सरस वापरलेला असतो; उष्णता आणि दमटपणा वाढला की त्यातून फॉर्मल्डिहाइड हा झोंबणारा वायू अधिक सुटतो, म्हणून गॅसच्या वरचे कपाट आणि आषाढ-श्रावणातले कपाट जास्त वास मारते. लॅमिनेट लावलेल्या बाजूने तो फारसा बाहेर पडत नाही. बाहेर पडतो तो कापलेल्या उघड्या कडांतून, बिजागरीच्या भोकांतून आणि मागच्या पातळ पाटीतून, जिथे सुताराने काहीच लावलेले नसते. टॉर्च घेऊन फळ्यांच्या खालच्या आणि मागच्या कडा तपासाव्यात. जिथे कच्चा बोर्ड दिसेल, तिथे एज बँड (कडा झाकणारी पातळ पट्टी) चिकटवून घ्यावा किंवा चपड्याच्या पॉलिशचे दोन पातळ हात द्यावेत. लाखेपासून बनणारा चपडा वास अडवण्यात फार चांगला आहे. मात्र तो उष्णता आणि पाणी फारसे सोसत नाही, म्हणून सिंकजवळच्या कपाटाला पाण्यात मिसळणारे पॉलियुरेथेन पॉलिश लावावे. पॉलिशनंतर वास पूर्ण जाईपर्यंत काही दिवस दारे उघडी ठेवावीत, पेले त्यानंतरच आत जावेत. नवे किचन करणार असाल, तर सिंकखाली आणि आसपास आयएस ७१० दर्जाचे (मरीन प्लायवूडच्या भारतीय मानकाचे) प्लायवूड मागावे. त्यातील फिनॉल-फॉर्मल्डिहाइड सरस ओलीत अधिक टिकतो.

कुबट वास असेल, तर चार भाग पाण्यात एक भाग व्हिनेगर मिसळून त्यात भिजवलेल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने आतली बाजू पुसावी आणि पंख्याखाली दिवसभर वाळू द्यावी. फडके ओथंबलेले असले, तर बोर्ड फुगतो. बाथरूमच्या किंवा पावसाचा मारा सोसणाऱ्या भिंतीला कपाट टेकलेले असेल, तर ओल भिंतीतून येते. ती थांबवल्याशिवाय पुसणे वाया जाते. खवट थर भांडी घासण्याच्या साबणाने निघतो. त्यानंतर उघड्या वाटीत शंभर ग्रॅम खाण्याचा सोडा ठेवावा आणि महिन्याने बदलावा. सिलिका जेल वापरायचे असेल, तर निळे दाणे घेऊ नयेत, कारण त्यांना निळा रंग कोबाल्ट क्लोराइड या विषारी द्रव्यामुळे येतो. नारिंगी दाणे चालतील.

डांबरगोळ्या, कापूर आणि अगरबत्तीची रिकामी पाकिटे कपाटात ठेवण्याची सवय मात्र मनापासून सोडावी, असे मला वाटते. त्यांनी जुना वास जात नाही, केवळ त्यावर दुसरा चढतो; शिवाय डांबरगोळीची वाफ पाण्याच्या पेल्यात उतरणे आरोग्यासाठीही बरे नाही. फळीवर वर्तमानपत्र अंथरल्यास ते ओल धरते आणि शाईचा वासही देते; त्याऐवजी जाळीदार मॅट अंथरावी.

पेले ठेवताना धुतल्यावर किमान दोन तास जाळीवर निथळू द्यावेत, कोरड्या सुती फडक्याने आतून पुसावेत आणि सुलटे ठेवावेत. उपड्या पेल्यात फळीवरची हवा कोंडून राहते. धूळ बसेल असे वाटल्यास वर धुतलेला पातळ सुती पंचा पसरावा. मसाल्याचे डबे आणि कांदे त्या कप्प्यात नसावेत. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, उन्हाची उघडीप मिळेल तेव्हा, तासभर दारे उघडी ठेवावीत. पाहुणे येणार असतील, तर पेले आदल्या संध्याकाळीच धुऊन रात्रभर मोकळ्या हवेत ठेवावेत.